पौलाच्या पावलांवर करोल बाग

करोल बागेत इमारत म्हातारी होत नाही. तिला तेवढी उसंतच मिळत नाही. जरा कुठं प्लॅस्टर सुटायला लागलं की घरमालक आणि बिल्डर समोरासमोर चहा प्यायला बसतात, आणि पुढच्या दिवाळीला तिथं खाली पार्किंग आणि वर चार मजले असा प्रकार उभा असतो. त्यामुळं भग्नावशेष ही वस्तू आमच्या भागात तयारच होत नाही. जुनं म्हणून बोट दाखवावं तर तिब्बिया कॉलेज. त्याचं उद्घाटन १९२१ साली गांधीजींनी केलं, पण तिथं अजून मुलं शिकतात आणि रोगी रांगेत उभे राहतात. चालू दुकानाला अवशेष कसं म्हणणार?

अपवाद एकच. झंडेवालान मेट्रोपाशी तो एकशे आठ फुटी हनुमान उभा आहे, सिनेमात दिल्ली आली हे कळावं म्हणून ज्याला हमखास दाखवतात, त्याच्या पाठीमागं रिजचं जंगल सुरू होतं. त्या जंगलात ‘भूली भटियारी का महल’ आहे. महाल हा शब्द दिल्लीकर जरा सैल हातानं वाटतात. हे मूळचं फिरोजशाह तुघलकाच्या काळातलं, म्हणजे चौदाव्या शतकातलं, शिकारीचं ठाणं. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, दरवाजा ओलांडला की पुन्हा दरवाजा, मध्ये मोकळं अंगण आणि सभोवार विलायती कीकर. भटियारीण कोण, यावर शहराचं एकमत नाही. संध्याकाळनंतर आत जाऊ नये यावर मात्र आहे. भुताची आवई इतकी पक्की, की २०२३ साली दिल्ली सरकारनं भुतांच्या सहली काढल्या तेव्हा यादीत या महालाचा नंबर लागला. माकडांना अशी काही वेळेची अट नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेठना मी एकदा तिथं घेऊन गेलो. उभा जन्म करोल बागेत काढूनही त्यांनी तो महाल पाहिला नव्हता. अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली आणि म्हणाले, “साहेब, तिकीट न्हाई, पार्किंग न्हाई, भेळवाला न्हाई. मंग बगायला काय असणार?”

शेठ मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. सोन्याचांदीची गलाई हा घरचा धंदा. सोनाराच्या दुकानातला केर, हात पुसायचं फडकं, पॉलिशच्या मशिनाखालची धूळ, इतकंच काय, वर्षानुवर्षं कारागीर ज्यावर बसले ती लाकडी फळीसुद्धा हे लोक विकत घेतात. ती जाळायची, धुवायची, टाकणखार घालून मुशीत आटवायची आणि खाली बसलेलं सोनं काढून घ्यायचं. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या एवढ्या कसबावर साऱ्या देशात पसरली. जिथं सोनार आहे तिथं दोन गल्ल्या सोडून गलाईवाला असतोच, आणि त्याच्या भट्टीशेजारी गावच्या देवाचा फोटो असतो. करोल बागेत बीडनपुरा आणि रेघरपुऱ्यात बंगाली कारागीर दागिना घडवतात, बँक स्ट्रीटवर पंजाबी दुकानदार तो विकतात, आणि घडवता-विकताना जे सांडतं त्यावर आमचे शेठ तीन मुलांची लग्नं करून मोकळे झाले. मी केंद्र सरकारातून निवृत्त. सांडलेलं सोडाच, ताटात वाढलेलंही आम्ही नियम बघून जेवतो.

तर ग्रीसला जायचं शेठच्या मुलानं ठरवलं. आईवडिलांनी एकदा परदेश पाहावा, आणि सोबत इंग्रजी बोलणारं कुणी असावं म्हणून खालच्या मजल्यावरचे साहेब-मॅडम. एजंट आमच्याच बाजारातला. त्यानं सांगितलेला भाव इतका कमी होता, की सोन्याचा असता तर शेठनी आधी कसाच्या दगडावर घासून पाहिला असता. खरी गोष्ट विमानतळावर कळली. जिथं आम्हाला जमायला सांगितलं होतं तिथं हातात क्रूस काढलेला फलक घेऊन एक फादर उभे होते. सहल होती दिल्लीतल्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबांसाठी, संत पौलाच्या प्रवासाच्या वाटेवरची. चार जागा रिकाम्या राहिल्या होत्या, त्या आम्ही भरल्या. पौलाच्या पावलांवर निघालेल्या त्या दिंडीत आम्ही चौघं असे घुसलो.

मला वाटलं, झालं, आता आठवडाभर कोपऱ्यात बसायचं. पण शेठनी पहिल्याच बसमध्ये मागं वळून एका निवृत्त नर्सबाईंशी अस्खलित मल्याळम सुरू केलं. ऐन तारुण्यात ते त्रिशूरला चुलत्याच्या दुकानात होते. त्रिशूर म्हणजे सोन्याचं माहेर, तिथं गलाईवाला नसेल तर कुठं असणार? मग काय, बसमध्ये शेठ एकदम प्रतिष्ठित झाले. सगळ्यांची विचारपूस त्यांच्याकडून, फादरना चहा त्यांच्याकडून, आणि माझी ओळख करून द्यायची तीही त्यांनीच. “हे साहेब. लय वाचत्यात, पण माणूस चांगला हाय.”

अथेन्समध्ये पाय दुखले, मेटेओराला मान दुखली. थेस्सालोनिकीत पाऊस होता. एवढं सांगून मी थेट फिलिप्पैला येतो, कारण शेठही तिथंच जागे झाले.

फिलिप्पै हे कावाला नावाच्या बंदरापासून पंधरा किलोमीटरवर आहे. मराठी बायबलात हेच नाव, बाकी जग फिलिपी म्हणतं. २०१६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे तिकीट आहे, पार्किंग आहे, भेळेच्या जागी कॉफी आहे. शेठच्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. वर रखरखीत टेकडी, खाली सपाटी, आणि जिकडं बघावं तिकडं पांढरे दगड. काही उभे, बरेच आडवे.

गाइडबाई ग्रीक होत्या आणि शांतपणे सांगत होत्या. इसवी सनापूर्वी ३६० मध्ये थासोस बेटावरच्या लोकांनी इथं वस्ती केली. चारच वर्षांत अलेक्झांडरचा बाप फिलिप आला, गाव घशात घातलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. कशासाठी? तर शेजारच्या डोंगरात सोनं होतं. त्या खाणींचं उत्पन्न फिलिपनं वर्षाला हजार टॅलेंटांच्या वर नेलं, असं डायोडोरस नावाचा जुना इतिहासकार लिहून गेला आहे. त्यातून फिलिपनं स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं पाडलं, सुमारे ८.६ ग्रॅमचं.

सोनं म्हटल्याबरोबर शेठ पुढं सरकले होते. मी वजन सांगितलं तसं म्हणाले, “पाऊण तोळ्याला गुंजभर कमी.” मग, “टंच काय?”

मी विचारलं. जवळजवळ शुद्ध, असं उत्तर आलं. शेठनी मान हलवली. “एवढं चोख नाणं काढणारा राजा एक तर लय पैशेवाला, न्हाईतर फौज उभी करनारा.” मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं, तर त्या थबकल्या. फिलिप खरोखरच इराणवर स्वारीची तयारी करत होता. ती स्वारी पुढं त्याच्या मुलानं केली आणि बापाच्या खाणींचं नाव मुलाच्या खात्यावर जमा झालं. आमच्या ग्रुपमध्ये एम.ए. इतिहास दोघं होते. पण हा मुद्दा मुशीतून निघाला.

नंतर शेठ खाली वाकले. एका खांबाच्या बुंध्याशी वाऱ्यानं जमलेली माती होती, ती चिमटीत घेऊन त्यांनी तळहातावर पसरली, बोटानं अलगद फिरवली, उन्हाकडं तिरकी धरली. ही हालचाल मी त्यांच्या दुकानात असंख्य वेळा पाहिली आहे. बाई लगबगीनं आल्या. इथलं काहीही उचलायचं नसतं, मातीसुद्धा.

“उचलत न्हाई वो,” शेठ म्हणाले, “इचारा त्यांला, हितला केर गाळलाय का कुणी?”

गाळला होता. फ्रेंच पुरातत्त्ववाल्यांनी १९१४ पासून इथं खणायला सुरुवात केली आणि काढलेली माती चाळून बघणं हा त्या कामाचा भागच असतो. मणी, नाणं, खापराचा तुकडा, काय हाताला लागेल ते. शेठना फ्रेंच लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला. “म्हंजे आमच्याच लायनीतले की!”

त्यानंतर लढाई आली. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये, सीझरचा खून केलेले ब्रूटस आणि कॅसियस एका बाजूला, अँटनी आणि ऑक्टेव्हियन दुसऱ्या बाजूला, आणि मैदान हेच. मराठी माणसाला परक्या लढाईची गोष्ट ऐकवत नाही. तो अर्ध्यात पानिपतला पोचतो. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाचं तर विचारूच नका. आमच्याकडं गावाकडचा पाहुणा आला की लाल किल्ल्याआधी त्याला पानिपतला न्यावं लागतं. शेठ दरवर्षी कुणाला तरी नेतात. तर कॅसियसनं आत्महत्या केली ती चुकीच्या बातमीवर. ब्रूटसची बाजू हरली असं त्याला वाटलं, आणि तिकडं ब्रूटस आपल्या अंगानं जिंकत होता. “बगा,” शेठ म्हणाले, “भाऊ हत्तीवर दिसंना झाले आनि फौज पळाली. त्यातलाच परकार.” नर्सबाईंनी मल्याळममध्ये काही विचारलं. शेठनी १७६१ ची हकिगत इतक्या तपशिलानं सांगितली, की फादरांची प्रार्थना दहा मिनिटं पुढं गेली.

मला खरी गंमत वाटली ती लढाईनंतरची. जिंकलेल्यांनी आपल्या जुन्या शिपायांना इथं जमिनी तोडून दिल्या आणि गावाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला. म्हणजे बाहेरून आलेली माणसं, हातात सरकारी कागद, आणि आधीपासून राहणारे जरा बाजूला. हे ऐकताना मला आमचा घरमालक आठवला. त्याचे वडील १९४७ साली रावळपिंडीहून आले आणि आजही तो वाटणीचा कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावलेला आहे. त्यांच्याही आधी नवी दिल्ली बांधताना जी गावं उठवली त्यातली माणसं करोल बागेत आणून वसवली होती. ज्याला त्याला वाटतं, आपण मूळचे आणि नंतरचे ते उपरे.

ख्रिस्ती मंडळींसाठी फिलिप्पैचं महत्त्व अर्थातच पौलाचं. इसवी सन ४९-५० च्या सुमारास तो इथं आला आणि युरोपातली ख्रिस्ती मंडळी इथूनच सुरू झाली, असं मानतात. हकिगत बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. नर्सबाईंना ती तोंडपाठ होती. त्या मल्याळममध्ये सांगत, शेठ मराठीत आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सांगत, आणि वाटेत त्यात करोल बाग मिसळत जाई.

गावाबाहेर एक ओढा आहे. त्याच्या काठावर पौलाला काही बायका भेटल्या. त्यातली एक लुदिया, थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिनं बाप्तिस्मा घेतला आणि पौलाला आग्रहानं आपल्या घरी उतरवून घेतलं. आज तिथं ओढ्याला दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, शेजारी नवं चर्च आहे, वर झाडांची दाट सावली आहे. मल्याळी मंडळी पाण्याशी उभी राहून गाऊ लागली. वहिनींनी चपला काढल्या, नऊवारीचा ओचा सावरला, पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले आणि पाणी डोळ्यांना लावलं. मग पिशवीतली बिसलेरीची बाटली रिकामी करून ती त्या पाण्यानं भरली. झाकण दोनदा आवळून बघितलं. चर्चचं गाणं संपेपर्यंत त्यांनी हात जोडलेलेच होते.

गाणं संपल्यावर मात्र चौकशी सुरू झाली.

“जांभळं कापड म्हंजे सुती का रेशमी?”

नर्सबाईंना माहीत नव्हतं. गाइडबाई म्हणाल्या, तो रंग फार महाग असायचा, उत्तम जांभळा समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत, श्रीमंतच ते कपडे घालत.

“म्हंजे लग्नाचा माल,” वहिनींनी निकाल दिला. अजमल खाँ रोडवर लग्नाच्या लेहंग्यांच्या दुकानांत वहिनींनी अख्ख्या खानापूर तालुक्याचे बस्ते बांधले आहेत. त्यांना लुदिया डोळ्यांसमोर दिसायला लागली. “घर मोटं असनार. पाव्हनं ठेवून घेतलं म्हंजे जागा हाय. आनि नवऱ्याचं नाव कुटंच न्हाई बगा. म्हनून दुकान एवडं चाललं.”

शेठनी ओढ्यातल्या माशांकडं बघितलं.

पुढची हकिगत तर शुद्ध बाजारातली आहे. गावात एक गुलाम पोर होती, तिच्या अंगात येई, ती भविष्य सांगे, आणि कमाई मालक खात. पौलानं तिच्या अंगातलं काढून टाकलं. पोर मोकळी झाली, पण मालकांचा गल्ला बंद झाला. त्यांनी पौलाला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, धरून बाजारात ओढत नेलं आणि अधिकाऱ्यांपुढं उभं केलं. आरोप काय ठेवला? आमचा धंदा बुडाला, असा नाही. हे परके लोक आमच्या चालीरीती बिघडवतात, असा.

“अस्संच!” शेठ उसळून म्हणाले. “धंद्याचं भांडन कदी धंद्याचं म्हनून सांगायचं नस्तं, साहेब. समाजाचं म्हनून सांगायचं. आपल्या मार्केट असोसिएशनची शेवटची मीटिंग आठवा.”

मला ती आठवली. पदपथावर टिकल्या विकणाऱ्या बायकांमुळं संस्कृती कशी धोक्यात आली आहे, यावर एका बांगड्यांच्या दुकानदारानं पाऊण तास भाषण केलं होतं.

पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं, मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, आणि कैदी पळाले नाहीत हे पाहून तुरुंगाधिकारीच ख्रिस्ती झाला. तो तुरुंग म्हणून एक दगडी खोली दाखवतात. सगळी मंडळी गंभीर झाली, काहींनी गुडघे टेकले. शेठनी आत डोकावलं, भिंतीवरून हात फिरवला, तळाकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, “ही पान्याची टाकी हाय.”

मी त्यांना दटावलं. पण खानापूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याची टाकी ओळखायला शिकवावं लागत नाही. दुष्काळानं तेवढं शिक्षण फुकट दिलेलं असतं. जरा वेळानं, मंडळी पुढं गेल्यावर, गाइडबाईंनी हळूच सांगितलं, की हा रोमन काळातला हौद असावा असं अभ्यासक मानतात, तुरुंग म्हणून तो परंपरेनं मानला गेला. शेठ तोऱ्यात आले नाहीत. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “भक्तांला सांगू नका. टाकीत बी देव असतोच.”

आता बॅसिलिका. इथं त्या बऱ्याच आहेत, पाचव्या-सहाव्या शतकातल्या, आणि पुरातत्त्ववाल्यांनी त्यांना ए, बी अशी नावं दिली आहेत, आमच्या डीडीए फ्लॅटांच्या ब्लॉकना देतात तशी. ए ब्लॉक उंचावर आहे. तो भूकंपात गेला. छत नाही, भिंती कमरेएवढ्या, पण फरशीवर उभं राहिलं की नकाशा स्वच्छ कळतो. मध्ये लांबलचक मोठी पडवी, दोन्ही बाजूंना खांबांची ओळ, खांबांपलीकडं अरुंद पडव्या आणि टोकाला अर्धगोल. मी पाहिलं आणि मला कार्ल्याचं लेणं दिसलं. तोच आराखडा, फक्त टोकाला वेदीऐवजी स्तूप. ही तुलना माझी नव्हे. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसनसाहेबांनी चैत्यगृहांपुढं चर्चची उपमा दिली, ती आजवर चालत आली आहे. फक्त वयाचा हिशेब सांगायला हवा. कार्ल्याचं चैत्यगृह या बॅसिलिकांहून चार-पाच शतकांनी थोरलं आहे. आणि दोघांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही. चर्चवाल्यांनी हा आकार घेतला रोमन बाजारातल्या मोठ्या दालनावरून, जिथं व्यवहार चालत आणि न्यायाधीश टोकाच्या अर्धगोलात बसून तंटे सोडवत. म्हणजे देव नंतर आला, आधी तिथं मार्केट असोसिएशन होती.

कार्ल्यातल्या खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन बरेच आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान ग्रीकांच्या बाजूनं आलेले लोक. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा यवनानं मावळात खांब उभा करून दिला होता. हे मी शेठना सांगितलं. त्यांनी लगेच पाकिटातून युरोची नोट काढली आणि नव्या चर्चमधल्या दानपेटीत टाकायला म्हणून वहिनींकडं दिली. “परतफेड. व्याज राहूद्या.”

दात्यांची हौस तिथंही आपल्यासारखीच. पुढं एक आठ कोनांचं चर्च आहे. त्याच्या खालच्या थरात सापडलेल्या जुन्या प्रार्थनागृहाच्या मोझेकच्या फरशीवर लेख आहे, की बिशप पोर्फिरियोस यानं ख्रिस्ताठायी पौलाच्या या बॅसिलिकेची रंगीत फरशी केली. हा पोर्फिरियोस चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातला. शेठनी गावच्या देवळात दोन फरश्या दिल्या आहेत, आईच्या आणि वडिलांच्या स्मरणार्थ, आणि पुजारी नेमका त्यांच्यावरच तेलाचा डबा ठेवतो अशी त्यांची जुनी तक्रार आहे. पोर्फिरियोसच्या फरशीभोवती दोरी लावलेली पाहून ते थोडे हळवे झाले.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो ‘बी’ ब्लॉकमध्ये. ही बॅसिलिका प्रचंड आहे. चार-पाच माणसं धरूनही कवळ्यात येणार नाहीत असे चौकोनी स्तंभ अजून उभे आहेत, वर कमानींचे तुकडे लोंबतात. सहाव्या शतकाच्या मध्यावर, कॉन्स्टँटिनोपलच्या थाटात, इथं घुमट घालायचं ठरलं. घुमट घातला. तो पडला. चर्चचा अभिषेकही झाला नव्हता. प्रार्थना नाही, लग्न नाही, बारसं नाही, ताबा मिळायच्या आधीच वास्तू खलास. पुढं काही शतकांनी दर्शनी भागात लहानसं चर्च करून लोकांनी वेळ भागवली.

इथं शेठ बोलायला लागले ते थांबेनात. आमच्या गल्लीतल्या तीनमजलीवर चौथा चढवला तेव्हा खालच्या बीमला गेलेला तडा, बिल्डरचं ‘कुछ नहीं होता जी’, नकाशा पास करणारा आणि नकाशा न बघणारा एकच माणूस असणं, हे सगळं त्यांनी त्या स्तंभांच्या सावलीत फादरांना मल्याळममध्ये समजावून सांगितलं. फादर दिलशाद गार्डनला राहतात, त्यांना फार समजवावं लागलं नाही. मंडळी जमली. ज्याला त्याला आपापल्या सोसायटीचा घुमट आठवला. जस्टिनियन बादशहाच्या काळातल्या त्या अनामिक कंत्राटदाराला मल्याळम, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांत शिव्या बसल्या. गाइडबाईंना वाटलं, आमच्यात वास्तुशिल्पाची चर्चा चालली आहे. त्या कौतुकानं ऐकत उभ्या होत्या.

सगळ्यांत उत्तम अवस्थेत काय शिल्लक आहे म्हणाल, तर सार्वजनिक शौचालय. घुमट गेला, बाजार गेला, देवळांचे पाये राहिले, पण संगमरवरी बैठकी रांगेनं शाबूत. अजमल खाँ रोडवर शनिवारी संध्याकाळी बायकामुलांना घेऊन फिरलेला माणूस या दृश्यापुढं नम्र झाल्याशिवाय राहणार नाही.

आणि टेकडीच्या पोटाशी नाट्यगृह. मूळचं फिलिपच्या काळातलं. रोमनांनी त्यात श्वापदांच्या झुंजी लावल्या, आणि आता दर उन्हाळ्यात तिथं पुन्हा नाटकं होतात. आमच्या भूली भटियारीच्या रिजवरही एक उघडं नाट्यगृह आहे, रवींद्र रंगशाला. विसाव्या शतकातलं. ते कित्येक वर्षं ओसाड पडलं आहे. त्यांचं तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वीचं चालू आणि आमचं कालपरवाचं अवशेष. इतकी घाई आम्ही दुसऱ्या कशात करत नाही.

दिल्लीत परतल्यावर शेठच्या दुकानात गलाई बांधवांची बैठक बसली. भट्टीवर मूस लाल झालेली, चहाचे ग्लास फिरतायत, आणि शेठ फिलिप्पैचं वर्णन करतायत. प्रश्न ठरलेलेच आले. जेवायला काय मिळालं? (भेंडी. ग्रीक लोक भेंडी खातात हे ऐकून सभेनं समाधान व्यक्त केलं.) खाण चालू आहे का? तिथं आपला कुणी आहे का? या शेवटच्या प्रश्नाला नाही असं उत्तर आल्यावर जरा शांतता झाली. एक तरुण गलाईवाला मोबाईलवर कावाल्यात सोनारांची दुकानं किती हे शोधू लागला.

वहिनी वेगळ्याच कामाला लागल्या होत्या. लुदिया फिलिप्पैत व्यापार करत होती खरी, पण ती मूळची थुवतीराची. म्हणजे माल तिकडूनच येत असणार. ते गाव तुर्कस्तानात आहे, आज त्याला अखिसार म्हणतात, आणि बायबलातल्या सात मंडळ्यांपैकी ते एक, एवढं त्यांनी नर्सबाईंना फोन करून काढून घेतलं. एजंटला घरी चहाला बोलावलं. तो पहिल्या सहलीबद्दल शिव्या खायच्या तयारीनं आला होता. ‘सात मंडळ्यांची सहल’ हवी आहे असं ऐकल्यावर त्याच्या जिवात जीव आला आणि त्यानं घाईघाईनं माहितीपत्रक उघडलं.

“बाकी सगळं छान आहे, आंटीजी. या थुवतीरामध्ये तेवढं काही खास नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “गावाच्या मधोमध एक चौक आहे, त्यात थोडे दगड. चारी बाजूंना नुसती दुकानं.”

“किती वेळ थांबवता तिथं?”

“वीस मिनिटं.”

“दगडांना वीस मिनिटं लय झाली,” वहिनी म्हणाल्या. “दुकानांला किती?”